अनुभव धागा: सर्व्हिस सेंटरचं बिल आणि काउंटरवरची हुज्जत

परवा भाच्यानं सर्व्हिसिंगहून आणलेलं बिल माझ्यासमोर टाकलं. "मामा, पंधरा हजार सांगितलेते, बावीस झाले. हे असंच असतंय काय?" त्याचं बिल वाचता वाचता आमच्या बाबांच्या गाडीचं जुनं प्रकरण आठवलं आणि डोकं पुन्हा तापलं.

बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली गाडी. चोर्ला घाटातून गोव्याला जायचं म्हणून आधी सर्व्हिसिंगला टाकली. सकाळी तोंडी सांगितलं, सात-साडेसात हजार होतील. संध्याकाळी बिल साडेचौदा हजारांचं. बाबा कार्ड काढतच होते, तेवढ्यात मी बिल हातात घेतलं. इंजिन ऑइल ५ लिटर लावलेलं. गाडीच्या पुस्तकात फिल्टरसकट ३.१ लिटर छापलंय. आणि खाली एक ओळ, 'रिअर ब्रेक पॅड सेट'. आमच्या गाडीला मागं ड्रम ब्रेक आहेत. ड्रमला शू असतात, पॅड नसतातच.

मी म्हटलं, काढलेले पॅड दाखवा. सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर गाडी घेऊन काम लिहून घेणारा, आत गेला. थोड्या वेळानं एक पोरगं पॅडची जोडी घेऊन आलं, काळी, तेलकट, एका पॅडचा कोपरा तुटलेला, आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. मी म्हटलं, चला, गाडी लिफ्टवर घ्या, मागचं चाक काढा आणि हे नेमकं कुठं बसतंय ते दाखवा. चाक काढायला कुणीच पुढं येईना. मग वर्क्स मॅनेजर आले. "सिस्टीममध्ये चुकून पडलंय सर." पॅड गेले, जादाचं ऑइल गेलं, कुणी न मागितलेलं एसी डिसइन्फेक्टंटही गेलं. बिल नऊ हजारांच्या आत आलं.

बाबा बँकेत कॅशियर होते. लोकांचा पै-पैचा हिशोब त्यांनी चोख ठेवला. त्या माणसाच्या हातात असा कागद दिला, याचा राग मला अजून येतो.

तुमचे अनुभव लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कोल्हापूरला गाडी देणारे, सगळेच. डीलरचं नाव नको. काय झालं आणि तुम्ही काय केलंत ते सांगा.

जांबोटीकर
ड्रमला पॅड!! कमाल आहे.
आमचं वेगळंच. "अख्खी वायरिंग बदलायला लागंल, ३८ हजार." उंदरानं तीन वायरी कातरलेल्या. पावसाळ्यात आमच्याकडं गाडी दोन दिवस उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये संसार मांडतो. मी म्हटलं नको, गाडी द्या. तर तपासणीचे १,८०० भरल्याशिवाय गेट पास नाही म्हणे. आधी सांगितलं होतं काय? जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना काम लिहून सही घेतात त्या कागदावर, लिहिलंय काय? नव्हतं. अर्ध्यावर आले. उद्यमबागेत एका इलेक्ट्रिशियननं वायरी जोडून, स्लीव्ह घालून ९०० रुपये घेतले. दोन वर्षं झाली, अजून काही नाही.

निपाणीची सून
@जांबोटीकर बॉनेटमध्ये तंबाखूची पानं कापडात बांधून ठेवा. आमच्यात सगळे तेच करतात. फक्त गरम भागाला चिकटू देऊ नका.

जांबोटीकर
पानं कुठनं आणू वो, पाठवा की थोडी 😀

निपाणीची सून
या, नेऊन जावा.

घाटमाथा
मी लिहिते, मुलगी झोपली आहे तोवर. क्लच. गाडी अकरा हजार किलोमीटर चाललेली. तवंदी घाट चढताना जळका वास, रेस वाढते पण गाडी ओढत नाही. सर्व्हिस सेंटरला टाकली तर ऐकायच्या आधीच उत्तर तयार. "मॅडम, लेडीज ड्रायव्हिंग, क्लचवर अर्धा पाय ठेवून चालवता, हाफ क्लच. क्लच प्लेट झिजणारी वस्तू, वॉरंटीत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग धरून १६ हजार."
मी चौदा वर्षं गाडी चालवते आहे. म्हटलं, 'चालवण्याच्या पद्धतीमुळे' असं सही करून लेखी द्या आणि गिअरबॉक्स माझ्यासमोर उतरवा. लेखी देईनात, पण उतरवला. मी तिथंच उभी. प्लेट बाहेर आली आणि मेकॅनिकनंच बोट लावलं, बोटाला तेल. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळत होतं आणि ते तेल प्लेटवर येत होतं. तेल लागलेली प्लेट घसरणारच, मग चालवणारा कुणीही असो. सील वॉरंटीत बसतं. सीलमुळं प्लेट गेली म्हणजे प्लेटही त्यांच्याच अंगावर. मेकॅनिकला ओशाळल्यासारखं झालं, पण खरं बोलला बिचारा. कंपनीला मेल केला, फोटो जोडले. सगळं फुकट झालं.
'लेडीज ड्रायव्हिंग' म्हणणाऱ्यानं माफी मागितली नाही, ते मात्र राहिलं.

वडगावची वहिनी
शाबास ग बाई!!

कडोलीकर
@घाटमाथा तुम्ही निपाणीच्या की संकेश्वरच्या? आमची बहीण संकेश्वरला दिलीय.

घाटमाथा
हुक्केरी 🙂

जुना ॲडव्हायझर
मी सहा वर्षं एका सर्व्हिस सेंटरला ॲडव्हायझर होतो, आता सोडलंय. आतलं सांगतो, राग मानू नका.
ॲडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं, त्यात व्हॅस, म्हणजे वरकड सेवा, म्हणून वेगळा रकाना. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, हे सगळं त्यात. टार्गेट चुकलं की पगारात कापणी. त्यामुळं पोरगं तुमच्या पुढ्यात गोड बोलून टाकतंय. चांगली पोरं आहेत, पण वरचा दट्ट्या लई वाईट.
तुम्ही काय करा, गाडी देताना जॉब कार्डवर हातानं लिहा, 'सांगितल्याशिवाय जादा काम करू नये, काढलेले पार्ट परत हवेत'. त्याखाली सही, आणि मोबाईलवर फोटो. काम वाढलं तर नवं एस्टिमेट व्हॉट्सॲपवर मागा आणि तिथंच हो किंवा नको लिहा. लेबर कसं लावलं ते विचारा. प्रत्येक कामाचे तास ठरलेले असतात, गुणिले तासाचा दर. ते शेड्युल त्यांच्या कॉम्प्युटरवर असतं, स्क्रीन फिरवून दाखवायला सांगा. आणि पहिल्या फ्री सर्व्हिसांत फुकट असतं ते फक्त लेबर. ऑइल, फिल्टरचे पैसे लागतातच, त्यावरून उगाच भांडू नका.

टिळकवाडीकर
@जुना ॲडव्हायझर हे छापून प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर लावलं पाहिजे.

चिक्कोडी रोड
आमच्या आईला मराठीच येतं. जॉब कार्ड इंग्रजीत, समोरचा पोरगा कन्नडमध्ये सांगालता. आईनं सही करायला नकार दिला. म्हणाली, मला कळंल असं कुणीतरी सांगा, मग सही. मागून एक मेकॅनिक आला, पाटील म्हणून, त्यानं एकेक ओळ मराठीत सांगितली. पाचातल्या दोन ओळी आईनं तिथंच कापायला लावल्या. भाषेवरून भांडण वगैरे काही नाही, सगळे हसतच होते. पण आई ठाम.

रायबागचा शेतकरी
तुमी सगळे कारवाले. माझा ट्रॅक्टर. ऐन हंगामात हायड्रॉलिक पंप गेला. ऊस तोडून पडलाय, टोळी बसून खातीया, कारखान्याची पाळी हुकली तर उसाचं वजन घटतंय. ह्यांनी पंप बदलला, ठीक. पण बिलात क्लचचं काम बी लावलं, जे मी सांगितलंच न्हवतं. ट्रॅक्टर सोडंनात. रोज गेलं की 'नाळे बर्री', म्हंजे उद्या या.
आमच्या भावकीत एक वकील हाईत. ते म्हणाले, केलेल्या कामाचे पैसे मिळेस्तोवर वस्तू अडवायचा हक्क त्याला कायद्यानं हाय, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७०. पण न सांगितलेल्या कामाचं काय, ते नंतर बघू. आधी पैसे भर आन् बिलाच्या दोन्ही कॉप्यांवर लिही, 'क्लचच्या कामाला हरकत नोंदवून पैसे भरले'. मी मराठीत लिवलं, खाली इंग्रजीत पोरीनं. ट्रॅक्टर आणला, ऊस घातला. हंगाम संपल्यावर रजिस्टरनं नोटीस धाडली. पैसे परत आले, थोडे कापून. व्याज मागितलेलं, ते न्हाई दिलं.

निपाणीची सून
@रायबागचा शेतकरी दादा, टोळीचा खर्च पण मागायचा होता.

रायबागचा शेतकरी
मागितला की. त्यांनी पावत्या मागितल्या. टोळीला जेवायला घातल्याची पावती कोन देतंय ताई.

सीमेवरचा
कोल्हापुरात गाडी घेणाऱ्यांसाठी सांगतो, कारण आपल्याकडं निपाणी-कागल भागात निम्मे लोक तिकडूनच घेतात. आमचाही डीलर कोल्हापूरचा. त्यानं बिलावरून वाद झाल्यावर तोंडावर सांगितलं, "तुम्ही कर्नाटकातले, केस घालायची तर इथं यावं लागेल." चूक आहे हे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घालता येते. म्हणजे निपाणीचा माणूस बेळगावला घालू शकतो, डीलर कोल्हापूरचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत घटना घडल्यापासून २ वर्षं.
मी आधी १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं. तक्रार कंपनीकडं गेली, कंपनीनं डीलरला विचारलं आणि डीलरचाच फोन आला. आयोगापर्यंत जावंच लागलं नाही. राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडं गेलं की आपला हक्क संपतो असं समजू नका, एवढंच कळकळीनं सांगतो.

कडोलीकर
ट्रॅक्टरला पण चालतं काय हे? धंद्याची गाडी ग्राहकात येत नाही म्हणतात.

सीमेवरचा
स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवत असाल तर येते. कायद्यात तसं स्पष्ट आहे. दहा गाड्या भाड्यानं लावणाऱ्याची गोष्ट वेगळी.

वेदगंगा
२०१९ चा ऑगस्ट. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी, आमची गाडी दारातच बुडाली. टो करून पाठवली. जॉब कार्डवर मी मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, 'पाणी शिरले आहे, इंजिन चालू करू नये'. तरी आत कुणीतरी सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की पाणी दबत नाही, रॉड वाकतो. तसंच झालं. विमावाले म्हणतात, चालू केल्यामुळं झालेलं नुकसान आमच्याकडं नाही. डीलर म्हणतो पुरामुळंच झालं. ती जॉब कार्डची कॉपी माझ्याकडं नसती तर इंजिन माझ्या बोकांडी बसलं असतं. शेवटी डीलरनं केलं, सहा महिने फिरवून. त्या वर्षी घरातलं धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं सगळं गेलं होतं, आणि वर हे.

घाटमाथा
वाचून वाईट वाटलं. २०१९ विसरता येत नाही.

वडगावची वहिनी
आमच्या भागात पण कमरेएवढं पाणी होतं. शेजाऱ्यांचे माग भिजले. तुमचं घर आता ठीक आहे ना?

वेदगंगा
हो वहिनी. जोतं उंच करून घेतलं.

टिळकवाडीकर
विम्यातून कॅशलेस काम करून घेणाऱ्यांनी एक बघा. झिरो डेप, म्हणजे पार्टची घसारा-कपात न करणारा विमा, नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांचे ५० टक्के आपल्याच खिशातून जातात, फायबरचे ३० टक्के. वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,०००, त्यावर २,०००. ते बरोबर आहे. पण मला त्याशिवाय 'फाइल चार्ज' लावला होता. मी विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा असेसमेंट कागद, म्हणजे नुकसानीचा हिशोब, मागितला, त्यात आणि बिलात ओळीनं ताळा घातला. फाइल चार्ज कुठंच बसेना. काढला त्यांनी.

कडोलीकर
बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी जाते म्हणून घाबरवतात, त्यावर कुणी सांगा.

जुना ॲडव्हायझर
ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, हेही त्यात होतं. पुढं अपिलं झाली. पण बाहेर करायचं तर योग्य ग्रेडचं ऑइल घाला आणि पक्कं बिल घ्या. बिल नसलं की तुमची बाजू लंगडी.

वडगावची वहिनी
विषय सोडून विचारते, तिसऱ्या गेटकडून आज जाता येतंय का? सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं आहे.

टिळकवाडीकर
सकाळी गर्दी होती. गोवावेसवरून जावा.

अथणी
माझं आत्ता चालू आहे म्हणून लिहितोय. काउंटरवरच उभा आहे. पार्टवर २८ टक्के जीएसटी लावलाय, लेबरवर १८.

टिळकवाडीकर
तारीख काय बिलाची?

अथणी
आजची.

टिळकवाडीकर
मग पैसे भरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टना १८ टक्केच आहे. बिल रद्द करून नवं काढायला सांगा. भरून झालं असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे जादा लावलेली रक्कम वजा केल्याचा कागद, मागा.

अथणी
अजून भरलं नाही. ॲडव्हायझर म्हणतोय जुना स्टॉक आहे.

सीमेवरचा
स्टॉक जुना असू दे. विक्री ज्या दिवशी, त्या दिवसाचा दर. अकाउंटंटला बोलवा, त्याला लगेच कळेल.

अथणी
बोलवलाय. जेवायला गेलेत म्हणे. थांबतो.