कोलोन्ताय आणि दिबेंको: क्रांतीने वर्गाची भिंत पाडली की फक्त रंगवली?

समोवार:
रशियन क्रांतीतलं प्रेम म्हटलं की साचा ठरलेला. उमरावाची नाजूक मुलगी, फाटका क्रांतिकारक आणि मागे बर्फ. त्यापेक्षा खरी जोडी घेऊ. अलेक्सांद्रा कोलोन्ताय झारच्या जनरलची मुलगी, युरोपभर फिरलेली. पावेल दिबेंको चेर्निगोव्हकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, बाल्टिक आरमारात खलाशी, तिच्याहून १७ वर्षांनी लहान. १९१७ मध्ये ती हेलसिंकी बंदरात युद्धनौकांवर भाषणं देत फिरायची, तेव्हा सूत जुळलं. क्रांतीनंतर दोघंही लेनिनच्या मंत्रिमंडळात, तिच्याकडे समाजकल्याण, त्याच्याकडे आरमार. १९१८ मध्ये लग्न, पाचेक वर्षांत फारकत.
माझं मत सरळ आहे. हुकूमनाम्याने वर्ग गेला, पण घरातून गेला नाही. ती शिकवणार, तो शिकणार, असा संसार किती दिवस चालणार?

तिरकस तात्या:
साफ असहमत. जनरलची मुलगी हे अर्धंच सांगितलंत. तिच्या आईचे वडील फिनलंडमधले शेतकरी, लाकडाच्या व्यापारात वर आलेले. आणि दिबेंको कायम डेकवरचा खलाशी राहिला का? यादवी युद्धात त्याने सैन्याच्या तुकड्यांचं नेतृत्व केलं, १९२२ मध्ये लष्करी अकादमी पुरी केली, पुढे आठवणीही लिहिल्या. लग्न मोडलं ते त्याच्या आयुष्यात दुसरी, तरुण बाई आली म्हणून. असं तर दोन प्राध्यापकांच्या घरातही होतं! तिथे कोणता वर्गसंघर्ष शोधणार?

समोवार:
तात्या, बाई आली हे झालं निमित्त. मधली तेढ कुठून आली, ते विचारतोय.

तिरकस तात्या:
तेढ म्हणे! अहो, तो आज या आघाडीवर तर उद्या त्या. ही मॉस्कोत कम्युनिस्ट पक्षाच्या महिला विभागात. १९२१ मध्ये तर ही 'वर्कर्स ऑपोझिशन', म्हणजे कामगारांची बाजू घेणाऱ्या पक्षातल्याच विरोधी गटाच्या, बाजूने लेनिनशी भांडत होती आणि हा क्रोनश्टाट या नाविक तळावरच्या खलाशांचा, म्हणजे आपल्याच जुन्या सोबत्यांचा, उठाव चिरडायला गेला होता. जनरलची लेक कामगारांच्या बाजूने, शेतकऱ्याचा पोरगा सत्तेच्या. बसवा आता तुमच्या सिद्धांतात.

शाईचा_डाग:
तात्यांना +१. क्रोनश्टाटचा मुद्दा बिनतोड.

उंबरठा:
दोघंही व्यक्तींमध्येच अडकलात, कायद्याकडे बघा. झारच्या रशियात उमराव, व्यापारी, शेतकरी ही जन्माची श्रेणी सरकारदरबारी नोंदलेली असे. उमरावाने शेतकरीण केली तर ती उमरावीण. उमरावाच्या मुलीने शेतकरी केला तर तिची श्रेणी तिच्यापुरती राही, नवऱ्याला आणि मुलांना मिळत नसे. या श्रेण्या नोव्हेंबर १९१७ मध्ये रद्द झाल्या. डिसेंबरमध्ये नोंदणी विवाह आला आणि घटस्फोट चर्चच्या हातातून सुटला. त्याआधी व्यभिचार सिद्ध करायला साक्षीदार उभे करावे लागत! संसार टिकला की नाही हा त्यांचा प्रश्न. ही दारं उघडली, हे मला मोठं वाटतं.

समोवार:
दारं उघडली, मान्य. पण १९१८ च्या उन्हाळ्यात पेत्रोग्रादमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) रेशनचे चार वर्ग पाडले, ते? अंगमेहनतीच्या कामगाराला सर्वांत जास्त भाकरी, 'बूर्झ्वा', म्हणजे जुन्या श्रीमंत वर्गातला, ठरलेल्याला सर्वांत कमी. जुनी श्रेणी पुसली आणि वर्ष उलटायच्या आत पावाच्या तुकड्यावर नवी लिहिली. अशा गावात जुन्या घरंदाज मुलीने कामगाराशी सूत जुळवलं, तर त्यात प्रेम किती आणि पोट किती, हे कोण सांगणार?

उंबरठा:
आणि झारच्या काळी श्रीमंत घरात दिलेल्या मुली काय निव्वळ प्रेमाने जात होत्या? तेव्हा पोट दिसलं नाही तुम्हाला?

शाईचा_डाग:
नार्व्हाचा प्रसंग कुणीच काढला नाही. १९१८ च्या सुरुवातीला जर्मनांपुढे दिबेंकोच्या तुकड्या मागे हटल्या, त्याला पकडून खटल्याला उभं केलं. त्याच्यासाठी हमी दिली ती कोलोन्तायने. शेवटी निर्दोष सुटला. इतकं कोण करतं?

समोवार:
हेच तर. हमी कुणाची चालली? तिची. उलटं झालं असतं, तर खलाशाच्या शब्दावर तिला सोडलं असतं का?

तिरकस तात्या:
तिचा शब्द चालला तो बापाच्या तलवारीमुळे नव्हे. १९०८ पासून परदेशात परागंदा, मग जुलै १९१७ नंतर, झार गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारच्या तुरुंगात. त्याच धरपकडीत दिबेंकोही आत गेला होता. एकाच सरकारचे कैदी दोघं. त्यात जनरलची मुलगी कुठली आणि खलाशी कुठला?