लांबच्या उड्डाणात वैमानिक रेडिओ ऐकतात का?

निशाचर: परवा दोहाहून मुंबईला येताना झोप लागेना. मनात आलं, पुढे बसलेल्या दोघांना गाणीबिणी ऐकता येत असतील का?

जुना वैमानिक: निवृत्त झालोय, म्हणून सांगायला हरकत नाही. आम्ही ऐकायचो! विमानात एडीएफ नावाचं दिशा दाखवणारं यंत्र असायचं, साधारण 190 ते 1750 किलोहर्ट्झ पकडणारं. आकाशवाणीची मीडियम वेव्ह केंद्रं त्याच पट्ट्यात. पुणे 792, मुंबईची विविध भारती 1188. अरबी समुद्रावर रात्री दहाच्या सुमारास आधी नुसती खरखर, मग मधूनच लताबाईंची अर्धी ओळ. घर जवळ आल्यासारखं वाटायचं. सुईवर मात्र तेव्हा भरवसा नाही. रात्री लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतात, ती भरकटते. वीज कडाडली की तिकडेच वळते, वेडी.

शंकासुर: आणि कंट्रोल टॉवरचं बोलणं हुकलं तर?

जुना वैमानिक: ते व्हीएचएफ नावाच्या दुसऱ्या रेडिओवर, वेगळं. गाण्याचा आवाज बारीक ठेवायचा. 10,000 फुटांखाली उतरलो की गाणं बंद, कामाशिवाय बोलणंही बंद. एका कॅप्टनसाहेबांना क्रिकेटचं समालोचन लागायचं. विकेट पडली की चहा मला करावा लागे.

इतिहासवेडा: 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर निघालेल्या जपानी विमानांनीही होनोलुलूच्या केंद्राचं संगीत पकडूनच दिशा धरली होती.

निशाचर: बाप रे. आणि मी गाण्यांचं विचारत होतो.