मुसिल म्हणजे नक्की काय?

रॉबर्ट मुसिल वाचतेय सध्या, ऑस्ट्रियाचा कादंबरीकार, १८८० चा जन्म, 'गुणधर्म नसलेला माणूस' लिहिणारा. तर नेटवर शोधताना एक आलोइस मुसिल पण सापडला, जो उंटावरून जॉर्डनचं वाळवंट पालथं घालत होता आणि १८९८ ला कुसैर अम्रा या भित्तिचित्रांच्या जुन्या वास्तूपर्यंत पोचला. हे दोघं नातेवाईक का? आणि आडनाव जर्मन काही वाटत नाही. नवरा म्हणतो मुसळ असेल 😄

– हो, लांबचे चुलतभाऊ. आडनाव चेक आहे, घराणं मोरावियाचं. चेकमध्ये 'मुसित' (आता जास्त करून 'मुसेत') म्हणजे लागणे, भाग पडणे, त्याचा पुल्लिंगी भूतकाळ मुसिल. बाईचं आडनाव मुसिलोवा.

– क्रियापदाचं आडनाव??

– ढिगाने आहेत हो तिकडे. पोस्पिशिल म्हणजे घाई केली, विस्कोचिल म्हणजे उडी मारून बाहेर पडला, नाव्रातिल म्हणजे परतला. आपली टेनिसवाली मार्टिना नवरातिलोवा त्यातलीच, आडनावात 'परतला' आणि बाई १९७५ ला अमेरिकेत आश्रय मागून तिकडेच राहिल्या, चेक नागरिकत्व परत घेतलं ते थेट २००८ ला. अजून गंमत म्हणजे 'मुसित' हा शब्दच चेकने जुन्या जर्मनमधून उचललाय, आजचं 'म्युसन' तेच, म्हणजे शब्द जर्मनमधून गेला आणि आडनाव होऊन एका जर्मन लिहिणाऱ्याच्या दारात परत आला.

– मग मराठी काय करायचं? 'लागलं' म्हटलं तर लोक विचारणार कुठे, गुडघ्याला का?

– भागपडे! आपल्याकडे वाघमारे, डोईफोडे आहेतच की, फक्त तिथे माणूस स्वतः काहीतरी करतो, इथे बिचाऱ्यावर वेळ आलेली असते. मला मजा याची वाटते की रॉबर्टचं आडनाव भागपडे, आधी मिलिटरी शाळा, मग वडिलांसारखं इंजिनिअरिंग, आणि लिहितो काय तर म्हणे वास्तवाची जाणीव असते तशी शक्यतेचीही असते, जे आहे ते वेगळंही असू शकलं असतं. 'गुणधर्म नसलेला माणूस'चा हिरो तर आयुष्यातून वर्षभर रजा टाकतो. आणि ती कादंबरी शेवटपर्यंत पुरी झालीच नाही, १९४२ ला जिनिव्हात गेला तेव्हाही लिहीतच होता.

– भागपडे आवडलं. पण मग मुसिलोवा? भागपडेबाई?

– भागपडीण म्हणा, गावाकडे चालेल 😄