"घरमालकांचं अज्ञान"?? कालच्या पोस्टला उत्तर (लांब आहे, चहा घेऊन बसा)

शियापुरा_माजघर

काल इथे एक पोस्ट पडली. लिहिणाऱ्या ताई कॉन्झर्वेशनमधल्या, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या कामातल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की बडोद्यातले जुने वाडे चाललेत त्याचं मुख्य कारण "घरमालकांचं अज्ञान आणि अनास्था", आणि उपाय म्हणजे शास्त्रीय संशोधन, नोंदणी, मग "मूल्यवर्धन". खाली बदाम आणि टाळ्यांची रांग. रात्री मी दोनदा उत्तर टाइप केलं न दोनदा पुसलं, पण आज सकाळी मोरीच्या भिंतीचा अजून एक पोपडा बादलीत पडला तेव्हा म्हटलं आता लिहितोच.

ताई, तो अज्ञानी घरमालक मी. मधे चौक, सागवानी खांब, वर कडीपाट, पाच वाटेकरी, त्यातले दोन अमेरिकेत आणि सही करायला एकही मोकळा नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्याकडे तीनदा संशोधक येऊन गेले. टेप लावून खांब मोजले, कोनाड्यांचे फोटो काढले, आईने तिन्ही वेळा चहा आणि लीलो चिवडा दिला. तिसऱ्या वेळच्या मुलीने फॉर्म भरून घेतला त्यात प्रश्न होता, हा वाडा टिकावा म्हणून आपण दरवर्षी किती रुपये द्यायला तयार आहात? आई म्हणाली, अगं आम्ही द्यायचे का आम्हाला मिळणारेत? ती बिचारी गोंधळली, म्हणाली काकू तसं ऑप्शन नाहीये.

एकाचाही कागद परत आला नाही. पुढे भाच्याला एका पीडीएफमध्ये आमच्या देवघराचा फोटो सापडला, खाली "उत्तम स्थितीतील उदाहरण". त्याच पावसाळ्यात मागची भिंत बसली. म्हणजे पेपरात वाडा उभाय, शियापुऱ्यात नाही. वाडा गवंड्याने टिकतो हो, पेपराने नाही.

ओल_वर_चढते

ती पोस्ट माझीच. काका, कागद परत न देणारे बघून मलाही चीड येते, आणि त्या तिघांत मी नव्हते हे आधी सांगते. पण एक विचारू? भिंत बसायच्या आधी तिला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं होतं का?

शियापुरा_माजघर

केलं होतं. २०११ ला. गळत होतं, मग काय छत्री धरायची होती का भिंतीवर?

ओल_वर_चढते

हेच तर म्हणतेय. जुनी भिंत वीट आणि चुन्याची, तिला खाली पायाला ओलरोधक थर नसतो, जमिनीतलं पाणी वर चढतं आणि विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांमधून, गिलाव्यातून हळूहळू उडून जातं. तुम्ही बाहेरून सिमेंट फासलंत की ते पाणी आत कोंडतं, मग आणखी वर चढतं, बरोबर खार घेऊन. खार विटेच्या आत सुकतो, त्याचे स्फटिक फुगतात आणि वीट आतून पिठासारखी होते. वरून प्लास्टर मस्त गुळगुळीत, मागे भुसा. भिंत बसते तेव्हा लोक म्हणतात जुनं होतं, गेलं. गवंड्याने टिकतो म्हणता ना, तुमची भिंत गवंड्यानेच घालवली. याला मी अज्ञान म्हटलं, शिवी नव्हती ती.

रिटायर्ड_ओव्हरसियर

चाळीस वर्षं साइटवर काढली, आता सिमेंट वाईट हे मुलांकडून शिकायचं. ताई, तुमचेच जगातले मोठमोठे तज्ञ १९३१ ला अथेन्सला जमले होते, जाहीरनामा काढला, त्यात जुन्या वास्तूंच्या मजबुतीला आधुनिक साहित्य वापरा, विशेषतः आरसीसी, असं छापलंय. मग १९६४ ला व्हेनिसला दुसरा जाहीरनामा. मग १९९४ ला जपानात नाराला तिसरा, की अस्सल म्हणजे काय ते प्रत्येक संस्कृतीचं वेगळं. दर तीस वर्षांनी तुमचं शास्त्र कूस बदलतं न शिव्या मात्र आमच्या गवंड्याला. आणि अजिंठा? निजामाने १९२० च्या सुमाराला इटलीहून तज्ञ आणले, त्यांनी चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं, ते पिवळं पडलं, ते काढत बसण्यात पुढच्या पिढ्या गेल्या. तो काय शियापुऱ्याचा घरमालक होता?

ओल_वर_चढते

सर, सगळं मान्य. पण रोगण पिवळं पडलं हे ओळखून ते चित्राला धक्का न लावता कसं काढायचं हे कोणी शोधलं? संशोधकांनीच ना. तुमच्याच अथेन्समध्ये अ‍ॅक्रोपोलिसला लोखंडी पट्ट्या ठोकल्या होत्या, त्या गंजून फुगल्या आणि संगमरवर फुटला, मग सगळं उकलून टायटॅनियम घालावं लागलं. आम्ही चुकतो, पण चूक लिहून ठेवतो. व्हेनिसच्या त्या कागदात एक वाक्य आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. गवंडी कधी थांबलाय?

दांडियाबाजार_आजीची_नात

अरे एवढं शास्त्र कशाला, आमची आजी सांगायची चुन्यात गूळ आणि उडदाचं पाणी घालायचे, भिंत लोखंडासारखी व्हायची. तेवढं करा ने, झालं.

रिटायर्ड_ओव्हरसियर

झालं. आला गूळ. दर सहा महिन्यांनी येतो.

वाडी_वाडी_वाडी

गूळ नाही, मेथी. आणि बेलफळाचा गर. आमच्याकडे कळीचा चुना हौदात महिना-महिना भिजत ठेवायचे, मग बैलाने ओढायच्या घाणीत (दगडी चाकाच्या गिरणीत) सुरखीबरोबर, म्हणजे विटांच्या भुकटीबरोबर दळायचे. वडिलांनी घाणी चालताना बघितलीय.

दांडियाबाजार_आजीची_नात

वडिलांनी बघितली असेल, आजीने गूळ *घातलाय*.

ओल_वर_चढते

दोघंही बरोबर असू शकता, प्रॉब्लेम तो नाहीये. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा जास्त विरघळतो, त्यामुळे थोड्या गुळाने मसाला मऊ येतो आणि सावकाश धरतो. उडदाचा चिकट अंश पाणी धरून ठेवतो. पण किती, हा प्रश्न आहे. जास्त झाला की धरतच नाही. आणि बडोद्याच्या पोळीत (जुन्या दाट वस्तीच्या गल्लीत) जे चालतं ते समुद्रकाठी चालेलच असं नाही. म्हणून जुन्या मसाल्याचा खडा घ्यायचा, आम्लात टाकायचा, चुना विरघळून जातो, खाली वाळू आणि सुरखी उरते, ती चाळून वजन करायचं, म्हणजे जुन्या गवंड्याने काय प्रमाण घेतलं ते कळतं. वाळूत शिंपल्याचा चुरा असेल तर तोही विरघळतो, तेव्हा दुसऱ्या तपासण्या कराव्या लागतात. याला मी संशोधन म्हणते.

रिटायर्ड_ओव्हरसियर

मी एका साइटवर गूळ घालून बघितलाय. मुंग्या. पहिला मजला मुंग्या, दुसरा मजला मुंग्या.

चिवडा_अँड_चिल

वेरुळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, २०१६ ला त्यावर पेपर आलाय. त्यामुळे तिथे किडे कमी लागले, अजिंठ्याला जास्त, असं त्यांचं म्हणणं. काका, मागची भिंत भांगेची बांधा, शिवरात्रीला आख्खा ग्रुप येतो बघायला.

शियापुरा_माजघर

इकडे माझी मोरी कोसळतेय आणि तुम्ही रेसिपी शो लावलाय.

शंभर_मीटरवाली

मला बोलायचंय. तुमचा वाडा तुमचा आहे हो, माझं घर तर साधं १९६० चं, त्याला कोणी वारसा म्हणत नाही, पण एका संरक्षित वास्तूपासून ते शंभर मीटरच्या आत येतं (कुठली ते विचारू नका). २०१० पासून कायदा असा की शंभर मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीने, आणि आतल्यांना नुसती दुरुस्ती करायची तरी अर्ज. सासूबाईंचा गुडघा गेला म्हणून खाली संडास बांधायचा होता. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत, नकाशा पुन्हा काढा. सासूबाई गेल्या, अर्ज अजून आहे. मूल्यवर्धन म्हणे. आमच्या घराला गिऱ्हाईक येतं, कायदा ऐकतं न चप्पल घालतं.

ओल_वर_चढते

मावशी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरंच वाईट वाटलं.

मोडी_वाचक

या सगळ्यात मूळ मुद्दा राहतोय. बांधकामाचे हिशोब मोडीत आहेत. चुना किती खंडी, सुतार किती, रोजमुरा काय, सगळं लिहिलेलं असायचं. लोकांच्या माळ्यावर रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधून पडलेत, वाळवी खातेय. मोडी वाचणारी माणसं तयार करा, अर्धं संशोधन आपोआप…

चिवडा_अँड_चिल

दादा तुम्ही सेव उसळीच्या धाग्यावर पण मोडीच आणली होती.

मोडी_वाचक

कारण तिथेही संबंध होता.

पुण्याहून_पाहुणा

तुमच्याकडे वाडे उरलेत हेच नशीब. आमच्याकडे शनिवारवाड्याचं काय झालं…

वाडी_वाडी_वाडी

तुमचा १८२८ लाच जळाला, त्यात आमचा हात नाही.

अलकापुरी_२०२४

खरं बोलू? हे वाडे जपायचेच नाहीयेत कोणाला. पडू द्यायचं, मग बिल्डरला द्यायचं, फ्लॅट घ्यायचा, आणि ग्रुपवर येऊन संस्कृती बुडाली म्हणून रडायचं. अहमदाबादवाल्यांनी पोळीतल्या लाकडी घरांच्या याद्या केल्या, १९९७ पासून हेरिटेज वॉक चालवतात, २०१७ ला जागतिक वारसा शहर झालं, देशातलं पहिलं. आपल्या जवळ चांपानेर २००४ पासून यादीत आहे, किती जण गेलात? पावागढचा रोपवे सोडून सांगा.

शियापुरा_माजघर

ए भाऊ, तोंड सांभाळून. विकायचं असतं तर २००६ लाच विकलं असतं, तेव्हा गिऱ्हाईक रोख घेऊन ओटीवर बसलं होतं. माझ्या बापाने हाकललं त्याला. तू कोण मला रडतो म्हणणारा? तुझ्या अलकापुरीत पन्नास वर्षं जुनी वस्तू म्हणजे फक्त ट्रॅफिक.

अलकापुरी_२०२४

मी नाव घेतलं नव्हतं, टोपी तुम्ही स्वतः घातलीत.

अ‍ॅडमिन_रावपुरा

दोघांनाही शेवटचं सांगतोय. चुन्यावर बोला.

नवापुरा_नात्या

चुना नको, चित्रांवर बोलूया. तांबेकर वाड्यात तुमच्यापैकी किती जण आत गेलेत? दिवाण भाऊ तांबेकर, १८४९ ते १८५४, म्हणजे सयाजीराव गादीवर यायच्याही आधीचं बडोदं. सुमारे तीनशे चित्रं, महाभारत, कृष्णलीला, मराठ्यांच्या इंग्रजांशी लढाया, आणि मधेच गोऱ्या मडमा. मी रावपुऱ्यात जन्मलो, रोज त्या गल्लीवरून शाळेत गेलो, आत पहिल्यांदा गेलो ते पस्तिसाव्या वर्षी, ते पण जपानहून आलेल्या पाहुण्याला दाखवायला. त्याला सगळं माहीत होतं, मला दरवाजा कुठे ते माहीत नव्हतं. कोणीतरी अभ्यास करून लिहिलं म्हणून तो आला ना?

शियापुरा_माजघर

आता निघालंच आहे तर सांगतो. आमच्याकडेही एक होतं. वरच्या खोलीत, खिडकीच्या महिरपीवर, गजेंद्रमोक्ष. हत्तीचा पाय मगरीच्या तोंडात, वरून गरुडावर विष्णू. लहानपणी दुपारी झोपवायचे तिथे, मी त्या मगरीचे दात मोजायचो, सतरा होते. १९८७ ला आत्याच्या लग्नाला वडिलांनी आख्खं घर रंगवून घेतलं, आकाशी डिस्टेंपर. वरची खोली वरपक्षाला उतरायला द्यायची होती. मी शाळेतून आलो तर भिंत आकाशी. मी काही बोललो नाही, बारा वर्षांचा होतो. वडिलांना मूल्य बिल्य काही माहीत नव्हतं, भिंत कळकट दिसते एवढंच माहीत होतं. तेव्हा ठीक आहे, लिहा अज्ञान. पण त्यांना ते शोभेचं नाही, जपायचं आहे हे सांगायला तेव्हा एक माणूस आला नाही. तुमचा इथल्या विद्यापीठातला म्युझियॉलॉजीचा (संग्रहालयशास्त्राचा) विभाग १९५२ चा, देशातला पहिला, आमच्या घरापासून सायकलवर किती, दहा मिनिटं?

ओल_वर_चढते

काका, भिंतीला हात लावू नका!! पुढचे थर दिले का त्यावर? ऑइलपेंट?

शियापुरा_माजघर

नाही. ती खोली नंतर अडगळच झाली. एकदा मी ओल्या फडक्याने कोपरा पुसून बघणार होतो.

ओल_वर_चढते

पुसलात का??

शियापुरा_माजघर

नाही. आईने जेवायला हाक मारली.

ओल_वर_चढते

काकूंना माझा नमस्कार सांगा. रंग ओल्या गिलाव्यावर दिला असेल तर तो चुन्याबरोबर पक्का होतो. पण सुक्या भिंतीवर डिंक किंवा सरसात कालवून काढलं असेल तर ओलं फडकं डिस्टेंपरबरोबर मगरही घेऊन जाईल. आधी कोपऱ्यात नखाएवढी जागा सुरीच्या टोकाने, भिंगाखाली, थर थर बघायचे. सगळं उघडायचंच असंही नाही, झाकलेलंच सुरक्षित असेल तर झाकलेलं राहू दे. आणि त्या मागच्या भिंतीचा मसाला पडलाय ना कुठे? एक डबाभर ठेवा. रविवारी येऊ?

शियापुरा_माजघर

या. अटी आहेत. जे सापडेल ते मराठीत लिहून आईच्या हातात द्यायचं, पीडीएफ नाही, कागद. आणि "किती रुपये द्याल" विचारायचं नाही. मोरीचं पण बघा जाता जाता.

रिटायर्ड_ओव्हरसियर

मोरीला मात्र सिमेंटच लागतं, तिथे लहानपणा करू नका. मीही येतो. मला त्या आम्लाचं बघायचंय.

मोडी_वाचक

माळ्यावर रुमाल आहेत का?

शियापुरा_माजघर

दोन आहेत. या तुम्ही पण. चिवडा आणा.

दांडियाबाजार_आजीची_नात

मग गूळ घालायचा की नाही ते कोणी सांगतच नाहीये.

अ‍ॅडमिन_रावपुरा

धागा बंद.