बोपदेव घाटाची ग्रुप राईड, हायब्रिडवर जमेल का?

पेडलपुणेरी:
नमस्कार मंडळी, एका क्लबची येत्या रविवारी राईड आहे, कोंढवा, बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर आणि परत त्याच रस्त्याने, म्हणजे जाऊन येऊन ६०-७० किमी होतील. मेसेजमध्ये नो-ड्रॉप राईड (म्हणजे मागे पडलेल्याला सोडून जात नाहीत) लिहिलंय पण मागच्या राईडचे फोटो बघितले तर सगळे रोडबाईकवाले आणि माझी आपली साधी हायब्रिड (रोडबाईक आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल), गिअर पुढे ३ मागे ७. माझं सायकलिंग म्हणजे ऑफिसला जाणं-येणं आणि सुट्टीला फार तर खडकवासला. वय ४५, घरचे म्हणतायत कशाला जिवाला त्रास करून घेतेस. जाऊ का? आणि सोबत काय घेऊ?

घाटवेडा:
ताई बिनधास्त जा. घाट लांब नाहीये, येवलेवाडी सोडली की चढ अंगावर येतो पण तुमच्याकडे पुढे ३ चकत्या आहेत हीच तर मजा, सगळ्यात लहान चकती पुढे आणि सगळ्यात मोठी मागे, बसल्या जागी पाय फिरवत राहायचं, उभं राहून जोर मारायचा नाही. गिअर चढ लागायच्या आधी टाका बरं का, जोर देताना बदलायला गेलात तर चेन कडकडते नाहीतर उतरतेच. बोलताना धाप लागायला लागली की स्पीड कमी. माथ्यावर सगळे थांबतातच, फोटो काढल्याशिवाय कोण पुढे जातंय :)

चेनऑइल:
वरच्यांशी सहमत पण एक. नो-ड्रॉप बरेचदा मेसेजपुरतंच असतं. घाटात थांबतात हे खरं, गंमत होते घाटानंतर, भिवरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की पुढचे ५-६ जण ३० च्या स्पीडने सुटतात आणि मागचा माणूस त्यांना गाठायच्या नादात सासवडच्या आधीच संपतो. म्हणून लीडरला आज फोन करून सरळ विचारा की स्वीपर कोण आहे, म्हणजे सगळ्यात शेवटी राहणारा. नाव सांगितलं तर जा. "बघू, कोणीतरी असेल" असं म्हणाले तर पुढच्या रविवारी दुसरा ग्रुप बघा, सरळ हिशोब आहे.

पेडलपुणेरी:
धन्यवाद दोघांना. फोन केला, स्वीपर ठरलेला आहे, एक काका आहेत म्हणे. आता सामानाचं सांगा कोणीतरी. आणि येताना दिवे घाटाने उतरलं तर चालेल का, मस्तानी तलाव दिसेल.

पंक्चरवाला:
स्वतःच्या साईजची ट्यूब स्वतः न्यायची, हे पहिलं. रोडबाईकवाल्याची बारीक ट्यूब तुमच्या टायरला चालत नाही, मग १५ लोक रस्त्याच्या कडेला उभे. टायर काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप. व्हॉल्व्ह बघून ठेवा, बारीक प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपावरची हवा अ‍ॅडॅप्टरशिवाय भरता येत नाही, जाड श्रेडर असेल तर प्रश्न नाही. शनिवारी रात्रीच हवा भरा, प्रेशर टायरच्या बाजूला छापलेलं असतं. दोन बाटल्या पाणी, एकीत इलेक्ट्रॉल. केळी, चिक्की. निघताना अंधार असणार, मागचा लाल दिवा हवाच. हेल्मेट लिहायची गरज नसावी.

घाटवेडा:
दिवे घाट नको ताई, पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं काम आणि वर ट्रक. तलाव गाडीने जाऊन बघा. उतरताना दोन्ही ब्रेक सोडून सोडून मारा, एकसारखे दाबून धरू नका, आणि पुढच्याच्या चाकाला चाक चिकटवू नका. खड्डा दिसला की हाताने दाखवायचा, मागच्याला काही दिसत नसतं. नारायणपूरच्या रस्त्याला रविवारी दत्त मंदिर, प्रतिबालाजी, पुरंदर अशा सगळ्या गाड्या असतात, तिथे एकामागे एक.

चेनऑइल:
आणि सासवडला मिसळीवर ताव मारू नका, परत घाटमाथ्यापर्यंत हळूहळू चढच आहे आणि तोवर ऊन झालेलं असतं. पोहे-चहा पुरे. सीताफळं मिळाली तर घ्या, मात्र कडक बघून, पिकलेली बॅगेत फुटतात आणि मग ट्यूब-लिव्हर सगळं चिकट. नारायणपूर जमेना वाटलं तर सासवडलाच थांबा, काकांना सांगून ठेवा, ग्रुप येताना त्याच रस्त्याने येणार आहे.

पेडलपुणेरी:
हे बरं सुचवलंत, तसंच ठरवते. व्हॉल्व्ह बघितला, जाड आहे.