'सलग' की 'अनुक्रमिक'?

भरकटलेला: व्हिडिओ एडिटिंगवाल्यांसाठी एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरायची पद्धत) सर्व्हरची पुस्तिका मराठीत करतोय. 'सिक्वेन्शियल राइट'ला 'सलग लेखन' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी 'अनुक्रमिक लेखन' केलं. मला दोन्हीकडे कुणीतरी कादंबरी लिहायला बसलंय असंच वाटतं.

माजघर: 'लेखन' काढा, 'लिहिणं' ठेवा. आणि 'सलग'च बरोबर. आमच्याकडे सलग शेत म्हणजे मध्ये दुसऱ्याचा बांध नाही.

पाटीपेन्सिल: 'लागोपाठ' का नको?

दुसरीपाळी: चुकेल. मोठी फाइल तुकड्यांनी जाते, लिनक्सवर एक तुकडा सहसा जास्तीत जास्त १ एमबीचा. बरेच तुकडे एकाच वेळी वाटेत असतात. 'एनकनेक्ट' या सेटिंगनं सर्व्हरशी जोडण्या वाढवल्या की नंतर निघालेला तुकडा आधीही पोचतो. फाइलमधली जागा सलग, पोचण्याचा क्रम नाही. म्हणजे बाईंचं 'अनुक्रमिक'ही गेलं.

भरकटलेला: पटलं. आता 'कमिट'? म्हणजे आलेला डेटा डिस्कवर पक्का करणं.

माजघर: खतावणी! आजोबांच्या दुकानात दिवसभर कच्च्या वहीत टिपायचे, रात्री कंदिलाशी बसून खतावणी.

दुसरीपाळी: वा! एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत दर ८ केबीला सर्व्हर आधी डिस्कवर लिहायचा, मग होकार द्यायचा. म्हणजे गिऱ्हाईक समोर उभं असतानाच खतावणी. १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आधी कच्चं टिपून घ्यायची सोय झाली, कमिट मागाहून. तोवर क्लायंट, म्हणजे फाइल पाठवणारं मशीन, स्वतःची प्रत टाकत नाही, सर्व्हर पडला तर पुन्हा पाठवतो. एक्स्पोर्टला, म्हणजे सर्व्हरनं वाटायला ठेवलेल्या फोल्डरला, 'असिंक' पर्याय लावलं की मात्र सर्व्हर खतावणी न करताच 'झाली' म्हणतो. वेगाचे आकडे झकास दिसतात. आमच्याकडे वीज गेली आणि रात्रभराच्या रेंडरची शेपटी गायब! क्लायंटनं प्रत कधीच टाकून दिलेली.

शुद्धमती: खतावणी म्हणजे कीर्दीतून, रोजच्या नोंदवहीतून, ज्याच्या त्याच्या खात्यात नोंद नेणं. कमिटमध्ये खाती कुठून आली? 'दृढीकरण' म्हणावं.

माजघर: दृढीकरण दाताच्या दवाखान्यात ठीक. आणि खतावणीतलं 'खत' म्हणजे दस्तऐवज, गहाणखतातलं. खात्याशी संबंध नाही.

शुद्धमती: संबंध खात्याशीच आहे. शिवाय तुमचं खत अरबी.

माजघर: मग 'दस्तऐवज' काय संस्कृत आहे? 'कीर्द' तर तुम्हीच वापरलंत, तोही फारसीच.

भरकटलेला: अहो, 'थ्रूपुट' राहिलं, सेकंदाला किती डेटा जातो ते. 'उपसा' चालेल?

पाटीपेन्सिल: उपसा म्हणजे विहिरीतून बाहेर काढणं. तुम्ही तर आत ओतताय.

शुद्धमती: कीर्द फारसी कशावरून?