मातकाम, गढी की खंदकवाडा?

शब्दसखी: इंग्लंडमधल्या सफोक परगण्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. कुरणात चौकोनी चर दिसतो, मधे किंचित उंचवटा. मध्ययुगात तिथे जमीनदाराचं घर होतं, भोवती पाणी. आज घरही नाही, पाणीही नाही. गवताखालच्या या खुणांना इंग्रजीत ‘अर्थवर्क’ म्हणतात. मी ‘मातकाम’ लिहिलं, तर संपादक म्हणाले, हे रस्त्याच्या टेंडरातलं वाटतं. काय लिहू? आणि ‘मॅनर’ला, म्हणजे जमीनदाराच्या त्या घराला, काय म्हणू?

वऱ्हाडकर: गढी! आमच्या गावच्या देशमुखांच्या गढीचंही आता टेकाडच उरलंय.

पाणवठा: गढी नको. गढी उंचावर, बुरुजांची. इंग्लंडात अशा सुमारे ६,००० जागा सापडल्यात, बहुतेक १२५० ते १३५० च्या दरम्यानच्या, सपाट चिकणमातीच्या मुलखात. ते पाणी लढाईपेक्षा थाटासाठी असे, त्यात मासेही पाळत. ‘वाडा’ जवळचा. खंदकवाडा म्हणा.

परिखा: ‘खंदक’ अरबी-फारसीतून आलेला. संस्कृतात ‘परिखा’ असताना उसना शब्द कशाला?

वऱ्हाडकर: नगरच्या किल्ल्याभोवती परिखा आहे असं सांगून बघा, कोणाला कळतं ते! खंदक आता आपलाच आहे.

परिखा: वापरलाच नाही तर कळणार कसा?

कोकणसय: खंदकाला इंग्रजीत ‘मोट’ म्हणतात, ती आणि आपली विहिरीवरची मोट एकच का हो? दोन्हीकडे पाणी आहेच.

पाणवठा: नाही, संबंध नाही. पण गंमत बघा, जुन्या फ्रेंचमधे त्या शब्दाचा अर्थ मातीचा ढिगारा. खणून काढलेल्या मातीचं नाव पुढे खड्ड्यालाच चिकटलं!

शब्दसखी: मग ‘चर-उंचवटे’ चालेल? वाचताना मला तेच डोळ्यांसमोर येतं.

वऱ्हाडकर: चालेल, पण माणूस राहून गेल्याचं त्यात येत नाही. आमच्याकडे त्याला ‘पांढरी’ म्हणतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. गढीची पांढरी माती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायला लोक गाड्या भरभरून नेत. आजी म्हणायची, त्या मातीचं धाबं गळत नाही. गढी अशीच संपली, घराघरांवर गेली.

कोकणसय: आमच्याकडे कौलं, त्यामुळे हे माहीतच नव्हतं. पांढरी की पांढर?

वऱ्हाडकर: आजी ‘पांढर’ म्हणायची. ‘पांढरी’ कागदोपत्री.

परिखा: उलट आहे. आमच्या भागात बोलताना ‘पांढरी’च.